राणीला देवी आल्या: इंग्लंडच्या गादीचा जर-तरचा इतिहास कसा रचायचा

विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? हा प्रश्न आपल्या इंदूरच्या मराठी घरांत चहाबरोबर येतोच. रामबागेत माझ्या लहानपणी दर दिवाळीला कुणीतरी काका तो काढायचे, मग मल्हारराव पानिपतातून निघाले ते बरोबर की चूक यावर दोन तास जायचे आणि पोहे थंड व्हायचे. वाद रंगायचा पण पुढे काही सरकायचा नाही, आणि ते का हे मला फार उशिरा कळलं. प्रत्येक जण एका गोळीबरोबर अजून दहा गोष्टी बदलून टाकायचा, म्हणजे गोळी लागली नाही, शिवाय सूरजमल जाट परत आला, शिवाय रसद पोचली, शिवाय अब्दालीच आजारी पडला. एवढं सगळं आपल्या हाताने दिल्यावर कोणीही जिंकेल, त्यात कळलं काय?

गेली काही वर्षं आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी एका मित्राच्या घरी बसून हाच खेळ नीट करायचा प्रयत्न करतोय आणि त्यासाठी मुद्दाम लांबचं घर निवडलंय, इंग्लंडचं. घर आपलं नाही म्हणून कुणाच्या पणजोबांचा अपमान होत नाही हे एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. फ्रान्समध्ये १५६२ ते १५९८ कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना कापत होते. शेजारी इंग्लंडमध्ये तीच भांडणं होती, शिवाय गादीला वारस नव्हता, पण तसं युद्ध त्या शतकात तिथे झालं नाही. बंडं झाली, पण पेटून देशभर पसरलं असं काही नाही. का नाही झालं, आणि किती थोडक्यात वाचलं, हे मोजायचं असेल तर ते होऊ देऊन बघावं लागतं. तर कसं करायचं ते सांगतो, आमच्या चुकांसकट.

एकच खिळा काढायचा

सुरुवात कुठून करायची यातच बरेच लोक फसतात. इंग्लंड म्हटलं की सगळे १५८८ चं स्पॅनिश आरमार धरतात, वारा फिरला आणि आरमार उतरलं वगैरे. मला ते आवडत नाही, कारण ते बाहेरून आलेलं संकट आहे, घरातली यादवी नाही, आणि नुसता वारा फिरवून भागत नाही, समुद्रापलीकडे थांबलेल्या पार्मा या स्पॅनिश सेनापतीचं सैन्य, होड्या, बंदर, सगळंच बदलावं लागतं. खिळा असा शोधा की जो खरोखरच हलत होता, त्या दिवशी तिथे असलेल्या लोकांनाही तो हलताना दिसत होता.

आमचा खिळा आहे ऑक्टोबर १५६२. हॅम्प्टन कोर्टला एलिझाबेथला १० तारखेच्या सुमारास ताप भरला. वय २९, लग्न नाही, मूल नाही, वारस जाहीर केलेला नाही. देवी निघाल्या. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते आणि ती सांगायची की ताप भरतो तेव्हा भीती कमी, पुरळ बाहेर पडायला वेळ लागला की घरातले देवापुढे बसायचे. राणीचं तेच झालं. १६ तारखेच्या आसपास तिची वाचा गेली, सगळे सरदार-मंत्री धावत जमले आणि ती मरणार असंच धरून बाहेरच्या खोलीत पुढचा राजा कोण यावर बोलणं सुरू झालं. शुद्धीवर आल्यावर तिने सांगितलं की रॉबर्ट डडलीला, तिच्या लाडक्या दरबाऱ्याला, राज्याचा रक्षक नेमा आणि वर्षाला २०,००० पौंड द्या. मग पुरळ बाहेर पडलं, ती वाचली. तिची शुश्रूषा करणारी मेरी सिडनी, डडलीची बहीण, तिला त्याच देवी आल्या आणि तिचा चेहरा कायमचा गेला.

आम्ही बदललं ते एवढंच की १६ तारखेच्या रात्री राणी गेली. बाकी कुणाला आजारी पाडायचं नाही, कुणाला शहाणं करायचं नाही, कुणाला दोन दिवस आधी घोड्यावर बसवायचं नाही. हा नियम भिंतीवर लिहून ठेवा, कारण तो मोडायचा मोह दर रविवारी होतो.

वंशावळ आधी, तलवारी नंतर

मोठा चार्टपेपर घ्या आणि सातव्या हेन्रीपासून खाली उतरा. हे काम कंटाळवाणं वाटतं पण अख्खं युद्ध त्या कागदावरच असतं, आणि ज्यांनी घरात जमिनीची केस बघितलीये त्यांना तर ते लगेच कळेल.

आठव्या हेन्रीला, म्हणजे एलिझाबेथच्या बापाला, दोन बहिणी, मोठी मार्गारेट स्कॉटलंडला दिली, धाकटी मेरी. १५४४ च्या कायद्याने पार्लमेंटने हेन्रीला अधिकार दिला की मुलांनंतर गादी कुणाला ते तू मृत्युपत्रात लिही. त्याने डिसेंबर १५४६ च्या मृत्युपत्रात मोठ्या बहिणीची शाखा सरळ गाळली आणि धाकटीची घेतली. आता बघा, रक्ताने विचाराल तर मोठ्या बहिणीची नात मेरी स्टुअर्ट, स्कॉटलंडची राणी, १९ वर्षांची विधवा, कॅथलिक. कागदाने विचाराल तर धाकटीची नात कॅथरीन ग्रे, २२ वर्षांची, प्रोटेस्टंट. मेरीवर आक्षेप असा की परदेशात जन्मलेल्याला इंग्लंडच्या कायद्यात जमिनीचा वारसा मिळत नाही, मग राज्याचा कसा मिळेल? कागदावर आक्षेप असा की मृत्युपत्रावर राजाने स्वतःच्या हाताने सही केली की नुसता सहीचा ठसा उमटवला? हा वाद पुढे त्याच दशकात खरंच निघाला. आपल्याकडे तहसीलमध्ये चालतात त्यातला आणि यातला फरक फक्त मिळकतीच्या आकाराचा आहे.

अजून दोघं आहेत. हेन्री हेस्टिंग्ज, हंटिंग्डनचा अर्ल (म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार), जुन्या यॉर्क घराण्याच्या रक्ताचा, कडक प्रोटेस्टंट आणि डडलीच्या बहिणीचा नवरा. आणि थोरल्या मार्गारेटची मुलगी मार्गारेट डग्लस, तिचा पोरगेला मुलगा डार्नली. तोही मोठ्या बहिणीच्याच शाखेतला, पण इंग्लंडमध्ये जन्मलेला, म्हणजे परदेशीवाला आक्षेप त्याला लागत नाही. कॅथलिकांना मेरी नको असेल तर हा आहे, फक्त त्याची आई त्या वेळी नजरकैदेत होती.

पण आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला तो कॅथरीन ग्रेवर, आणि तुम्हालाही तिथेच थांबायला सांगेन. ही बाई त्या दिवशी कुठे होती? लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे राजाच्या किल्ल्यात, कैदेत. तिने १५६० च्या अखेरीस हर्टफर्डच्या अर्लशी चोरून लग्न केलं. साक्षीला एकटी त्याची बहीण, ती काही महिन्यांत वारली, आणि लग्न लावणारा भटजी कोण, कुठला, कुणाला सापडेना. सप्टेंबर १५६१ मध्ये टॉवरमध्येच मुलगा झाला. मे १५६२ मध्ये लग्न बेकायदा ठरलं, म्हणजे मूल अनौरस. आणि तरी पहारेकऱ्यांनी नवरा-बायकोला भेटू दिलं, दुसरा मुलगा फेब्रुवारी १५६३ मध्ये जन्मला. आता बोटं मोजा. १६ ऑक्टोबरला ती पाचेक महिन्यांची गरोदर होती आणि हे दरबारात उघड झालेलं नव्हतं.

म्हणजे प्रोटेस्टंटांची कागदावरची राणी राज्याच्या सगळ्यात मोठ्या शस्त्रागारात बसलीये, पण कैदी म्हणून, आणि तिला बाहेर काढून लोकांना दाखवायचं तर पहिला प्रश्न तिच्या पोटावर येणार. हे आम्ही कल्पनेने रचलं नाही, ते तिथेच पडलेलं होतं. जर-तर लिहिताना अशी जागा सापडेपर्यंत खणायचं, सापडली की कल्पनाशक्तीला फार ताण द्यावा लागत नाही.

इथे मी आमच्या मंडळींना होळकरांचं उदाहरण देतो. १७९७ ला तुकोजीराव गेले आणि काशीराव, मल्हारराव, यशवंतराव, विठोजी असे चौघे भाऊ. दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू धरली, मल्हारराव मारले गेले, विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने आपलं इंदूर लुटलं. आणि एवढं सगळं तलवारीच्या जोरावर जिंकूनही यशवंतरावांना आधी खंडेराव या तान्ह्या पुतण्याच्या नावाने कारभार करावा लागला. माणूस कितीही मोठा असो, नाव लागतं. म्हणून इंग्लंडच्या टॉवरमधलं ते वर्षाचं पोर विसरू नका, ते आत्ता कुणाच्या मांडीवर आहे ते प्रत्येक दिवशी नोंदवा.

रजिस्टर

आता एक मोठं रजिस्टर घ्या, एका पानाला एक दिवस. तीन रकाने करा, त्या दिवशी काय झालं, ते कुणाला कळलं, आणि कुणाला अजून कळायचंय. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

पहिल्या वर्षी आम्ही हा रकाना ठेवलाच नव्हता. मी मेरी स्टुअर्टला एडिनबरोच्या राजवाड्यात बसवलं, राणी गेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दिली आणि आठवड्याभरात ती सैन्य घेऊन सरहद्दीवर. चांगली वीस पानं लिहिली होती. आमच्यात पोस्टातून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांनी शांतपणे विचारलं की टपाल कोणत्या रस्त्याने गेलं? मग शोधायला बसलो. १६०३ मध्ये एलिझाबेथ खरी वारली तेव्हा रॉबर्ट कॅरीने रस्त्यात आधीच घोडे ठरवून ठेवले होते, वाटेत पडला, घोड्याने डोक्यात लाथ मारली, तरी तो तिसऱ्या दिवशी रात्री एडिनबरोला पोचला, सुमारे ४०० मैल. ही धाव विक्रम म्हणून सांगतात. १५६२ मध्ये घोडे कुणी ठरवलेले नव्हते. आणि मेरी एडिनबरोत नव्हतीच! ती ऑगस्टपासून उत्तरेत गेलेली, ऑक्टोबरमध्ये ॲबर्डीनकडे, आणि तिथे करत काय होती तर आपल्या प्रोटेस्टंट सावत्र भावाला बरोबर घेऊन हंटलीच्या अर्लशी लढायला निघाली होती, जो स्कॉटलंडमधला सगळ्यात मोठा कॅथलिक सरदार. २८ ऑक्टोबरला कॉरिचीची लढाई झाली, हंटली तिथेच घोड्यावरून कोसळून मेला.

माझी वीस पानं गेली, पण त्याहून चांगली गोष्ट हाती आली. इंग्लंडचे कॅथलिक जिची वाट बघतायत ती राणी त्याच आठवड्यात कॅथलिकांना मारतेय, प्रोटेस्टंटांच्या मदतीने. तिला बातमी लढाईच्या आधी कळते की नंतर? आधी कळली तर ती हंटलीशी तह करेल का? भाऊ करू देईल का? आमचे दोन रविवार यातच गेले आणि ते सगळ्यात चांगले रविवार होते.

तारखांबद्दल एक सावधगिरी. त्या काळी इंग्लंडमध्ये कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जुन्या कागदात जानेवारी-फेब्रुवारीला मागचं वर्ष लिहिलेलं असतं. कॅथरीनच्या दुसऱ्या मुलाचा जन्म जुन्या हिशोबाने १५६२ मध्येच पडतो, आणि आम्ही त्यात एकदा गोंधळलो होतो.

आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर हे लिहा: राणी मेली की तिच्या नावाने दिलेले अधिकार संपतात. पार्लमेंट भरलं असेल तर विसर्जित, नवं बोलवायला राजा हवा, आणि राजा कोण ते ठरवायला तर पार्लमेंट हवं. प्रिव्ही कौन्सिल म्हणजे राणीचं सल्लागार मंडळ, न्यायाधीश, सगळ्यांच्या सनदा तिच्या श्वासावर. म्हणजे १७ तारखेच्या सकाळी राणीचा मुख्य सचिव विल्यम सेसिल ज्या कागदावर सही करेल त्या सहीला कायद्याने काय किंमत, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नाही. माझ्या मते युद्ध पेटतं ते या रिकाम्या जागेतून, धर्म तिथे नंतर येऊन बसतो.

दोन रंगांत माणसं वाटू नका

नकाशावर इकडे कॅथलिक हिरवे, तिकडे प्रोटेस्टंट निळे, असं केलं की गोष्ट मेली. १५५३ बघा. हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड गेला, डडलीच्या बापाने, नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकने, आपली सून जेन ग्रे, म्हणजे याच कॅथरीनची थोरली बहीण, गादीवर बसवली. जेन प्रोटेस्टंट, विरुद्ध बाजूला हेन्रीची मुलगी मेरी, कट्टर कॅथलिक. नऊ दिवसांत खेळ संपला. मेरीला अडवायला पाठवलेल्या जहाजांचे खलाशीच तिच्या बाजूला गेले, आणि कितीतरी प्रोटेस्टंट लोक तिच्या मागे उभे राहिले, कारण ती राजाची मुलगी आणि कायद्यात तिचं नाव होतं. ड्यूकचं डोकं उडवलं, पुढे जेनचंही.

हे १५६२ च्या लोकांना नऊच वर्षांपूर्वीचं. त्यांच्या समोर परत एक डडली येणार, परत एक ग्रे मुलगी, आणि रॉबर्टचा भाऊ अँब्रोस त्याच महिन्यात फ्रान्समधल्या हाव्रच्या मोहिमेचा सेनापती नेमलेला, म्हणजे जमवलेली फौज त्या घराच्या हातात. लंडनच्या बाजारातली बाईसुद्धा म्हणेल, हे आम्ही बघितलंय. तुमच्या पात्रांना ही आठवण द्या, त्यांना आपल्यासारखं पुढचं काही दिसत नाही, पण मागचं सगळं आठवतं.

मग जमीन. १५३६ ते १५४० मध्ये हेन्रीने देशभरातले मठ मोडले आणि त्यांच्या जमिनी विकल्या. घेणाऱ्यांत पक्के कॅथलिकही होते. हेन्रीच्या याच मुलीने, मेरी ट्यूडरने, १५५४ मध्ये देश परत पोपच्या पदराखाली आणला तेव्हा सौदा असाच झाला की जमिनी ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच राहतील. म्हणून तुमच्या गोष्टीतला कॅथलिक जमीनदार माससाठी, म्हणजे जुन्या कॅथलिक उपासनेसाठी, रडेल, पण मठाचं कुरण परत मागणारा कोणी राजा येतोय म्हटल्यावर दोनदा विचार करेल. प्रत्येक पात्राच्या नावापुढे त्याचा धर्म लिहायच्या आधी त्याची जमीन कुठून आली ते लिहा, मी तर म्हणेन धर्माचा रकाना पेन्सिलीने भरा.

बाहेरचे देश यात फार वेळ खाऊ देऊ नका. मेरी स्टुअर्टचा मामा ड्यूक ऑफ गीझ त्या आठवड्यात रूआँला वेढा घालून बसलेला, त्याला फुरसत नाही. स्पेनचा फिलिप कॅथलिक खरा, पण फ्रान्सशी नातं असलेली मेरी इंग्लंडच्या गादीवर त्याला अजिबात नको होती. पहिला हिवाळा तरी सगळे पत्रंच लिहितील.

किती माणसं जमतील हा प्रश्न येतोच, तेव्हा हवेत आकडे टाकू नका, खऱ्या बंडांना धरा. १५३६ मध्ये उत्तरेत मठांसाठी तीसेक हजार उठले होते. १५६९ मध्ये उत्तरेच्याच अर्लांनी डरहॅमच्या कॅथेड्रलमध्ये शिरून इंग्रजी बायबल फाडलं, मास लावला, पण मागे आले ते काही हजारच, आणि नंतर शेकडो गरिबांना फाशी झाली. तुमचा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, आणि सुगी झालेली, थंडी तोंडावर, हे धरून. उभी फौज त्या देशात नव्हतीच, गावोगावचे धनुष्यवाले आणि कोयतेवाले गोळा करावे लागायचे.

एक लहान माणूस धरा

दरबार लिहून झाला की तो बाजूला ठेवा आणि एका गावात जा. आमचं गाव मोअरबाथ, डेव्हनमधलं, खरं गाव, अगदी छोटं. तिथला पाद्री ख्रिस्तोफर ट्रिची १५२० ते १५७४ तिथेच होता. हेन्री, एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ, चारही राज्यं, चारही वेळा धर्म बदलला आणि हा माणूस चर्चच्या हिशोबाची वही लिहीत राहिला. त्या वहीत चर्चच्या मेंढ्या आहेत, कुठली मेंढी कुणाच्या घरी चरायला ठेवली, लोकर किती आली, मेणबत्तीला किती गेले. आणि त्यात एक गोष्ट अशी की मेलेल्यांसाठी प्रार्थना करताना घालायचा काळा पोशाख घ्यायचा म्हणून तो वीस वर्षं थोडे थोडे पैसे साठवत होता. १५४७ मध्ये तो पोशाख आला. आणि त्याच सुमारास मेलेल्यांसाठीच्या त्या प्रार्थनाच बंद करणारं सरकार आलं. नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाविरुद्ध १५४९ मध्ये बंड झालं, त्यात याच गावाने पाच पोरं पाठवली होती.

मला हा पोशाख अख्ख्या युद्धापेक्षा मोठा वाटतो. लिहिताना रॉबर्ट डडली काय म्हणाला याने मी अडलो की मोअरबाथला जातो. प्रत्येक मोठ्या निर्णयानंतर एवढंच विचारा की ही बातमी त्या गावात कोण आणेल, कोणत्या दिवशी, आणि ऐकून पाद्री काय करेल. उत्तर देता आलं नाही तर तो मोठा निर्णय अजून नीट झालेला नाही असं समजा.

कुठे थांबायचं? आमचं ठरलंय की पहिल्या हिवाळ्यापुढे जायचं नाही, फेब्रुवारी १५६३ मध्ये टॉवरमध्ये दुसरं पोर जन्मेल तिथे रजिस्टर बंद. शंभर वर्षं पुढे नेलं की सगळे परत काकांसारखे हवं ते देऊ लागतात.

सध्या आम्ही २५ ऑक्टोबरच्या पानावर आहोत. लंडनमध्ये दोन वेगळ्या नावांनी जाहीरनामे निघालेत, हे आम्ही रचलेलं. मोअरबाथला त्यातला एकही पोचलेला नाही, फक्त राणी गेली एवढं एका मेंढीवाल्याने सांगितलंय. पाद्रीने पेटी उघडली आहे, काळा पोशाख घडी केलेला तसाच आहे. राणीसाठी तो घालायचा का, आणि कोणत्या पुस्तकातून वाचायचं, हे त्याला रविवारच्या आत ठरवायचंय, आम्हालाही.